हातभर वर थांबणारं शटर

ही गोष्ट मी टाळत आलो. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे दोनदा लेख मागितला. दोन्ही वेळा मी म्हटलं, देतो, आमच्या धंद्यातले गमतीचे किस्से पुष्कळ आहेत. दोन्ही वेळा लिहायला बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर पेन त्याच एका शटरपाशी येऊन थांबलं. पानं फाडली आणि तब्येत बरी नाही असं कळवलं. तब्येत माझी चांगली आहे. सत्तरी उलटली तरी अजून शिडी चढतो, पोहे पचतात, झोप मात्र लागत नाही.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या गमतीजमती वाचून कुणी मला भला माणूस समजायला नको. तारापूरच्या एका कारखान्यात निलेश नावाचा तरुण इलेक्ट्रिशियन मोटरच्या शटरखाली सापडून गेला. तो स्वतःच्या चुकीने गेला असं कागदावर आहे. ते मी लिहून दिलं आहे. ते खोटं आहे.

आता धंद्याबद्दल. मी बोईसरला राहून आयुष्यभर आपोआप चालणारी दारं दुरुस्त केली. कारखान्यांची मोठी शटरं, बंगल्यांची गॅरेजं, सरकती फाटकं. पालघरपासून मनोरपर्यंत कुठलं दार अडलं की माझा फोन वाजायचा. लोकांना वाटतं हे काम मोटरचं आहे. मोटर बिचारी क्वचितच बिघडते. दार उघडतं पण बंद होत नाही, ही शंभरातल्या नव्वद माणसांची तक्रार, आणि तिचं कारण दारात कमी, दाराच्या वाटेत जास्त असतं.

दाराच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याखाली, एकेक डोळा बसवलेला असतो. एक डोळा न दिसणारा उजेड सोडतो, समोरचा तो पकडतो. दार खाली येताना मध्ये काही आलं, मांजर, मूल, सायकलचं चाक, तर उजेड तुटतो आणि दार उलटं फिरून वर जातं. एवढंच. म्हणून दार बंद होत नसेल तर आधी डोळे बघायचे. काच पुसायची. डोळे एकमेकांकडे सरळ बघतायत ना ते पाहायचं. मग दाराने कुठे थांबायचं ते ठरवणारी खूण, मग खाचेतला गंज, आणि सगळ्यात शेवटी कंट्रोलचा डबा उघडायचा. नवशिका पहिल्यांदा डबा उघडतो. त्यावरून तो नवशिका आहे हे कळतं.

सातपाटीच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याचं दार फक्त वारा असताना बंद होत नसे. त्यांनी मोटर बदलायचं ठरवलं होतं. मी पाट मांडून गॅरेजसमोर अर्धा तास नुसता बसलो. घरातल्या बाई म्हणाल्या, "मिस्त्री, दार बघाया आला का वारा खावाया?" तेवढ्यात झुळूक आली आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या जाळ्याचं टोक हळूच डोळ्यासमोर आलं. जाळं काढून दुसऱ्या खिळ्याला लावलं, काम संपलं. पालघरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं गॅरेज तर रोज सकाळी आपोआप उघडायचं. मास्तरांनी लिंबू-मिरची बांधली होती. शेजाऱ्याने त्याच दुकानातून दार घेतलं होतं आणि दोन्ही रिमोट एकच होते, शेजाऱ्याचा मुलगा कॉलेजला निघाला की मास्तरांचं दार उघडायचं. मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे तीन आठवडे मी त्या मुलाला भूत समजत होतो?" त्यांच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "तुम्ही आत्ता समजायला लागलात. मला तो लहानपणापासून तसाच वाटतो."

असे किस्से मी कितीही सांगू शकतो. प्रत्येकात शेवटी कारण सापडतं. मला त्याचा गर्व होता. कारण नाही असं दार नसतं, असं मी म्हणायचो. आता म्हणत नाही.

तो कारखाना रंगाची पूड बनवायचा. निळी पूड. त्यांच्या गोदामाला मी मोटरचं शटर बसवलं होतं आणि ते दिवसातून दहा वेळा अर्ध्यात परतायचं. पूड हवेत उडायची, डोळ्याच्या काचेवर बसायची आणि डोळ्याला वाटायचं मध्ये कुणी उभं आहे. फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस मला बघितलं की ओरडायचा, "चाचा, आपका दरवाज़ा फिर रूठ गया!" खरा इलाज होता. काचेवर सतत हवेचा झोत राहील अशी नळी बसवायची. ती मागवायला आठवडा लागणार होता. मॅनेजर म्हणाले, "मिस्त्री, आठवडाभर मी माल उघड्यावर ठेवू का? मला दार पाहिजे, नाटक नको. आत्ता चालू करून द्या."

मी चालू करून दिलं. डबा उघडला आणि डोळ्याच्या दोन स्क्रूंमध्ये वीतभर तार लावली. याला आम्ही जंपर मारणं म्हणतो. तार लागली की डोळा आंधळा होतो आणि दाराला वाटतं वाट कायम मोकळी आहे. ही आमच्या भागातली कामाची पद्धत होती, कुणी कबूल करत नाही पण सगळे करतात. कारखाना थांबता कामा नये, म्हणून तार मारायची आणि मनाशी म्हणायचं, सुट्टीच्या दिवशी येऊन काढू. बहुतेक वेळा आपण जातो आणि काढतो. कुणाला काही होत नाही. म्हणून तर ही पद्धत टिकली.

निलेश त्या कारखान्याच्या मेंटेनन्सला होता. कुंभवलीचा. अंगाने बारीक, बोलायला हळू, खिशात कायम एक धुतलेलं फडकं. मी काम करताना बाजूला उभा राहून विचारायचा. आधी कुठली काच पुसायची, काका? का? दुसरी आधी पुसली तर काय होईल? इतके प्रश्न की मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, तुला धंदा शिकवू की माझा धंदा बुडवू?" तो म्हणाला, "घरापुरता शिकवा, काका. बाबांचा खांदा गेलाय. टेम्पो लावून शटर ओढताना त्यांचे डोळे भरून येतात. बोलत नाहीत, पण मला दिसतं." मी त्याला माझ्याकडची जुनी मोटर दिली. कारखान्याने भंगारात टाकलेले डोळे त्याने साहेबांना विचारून नेले आणि सुट्टीच्या दिवशी एकट्याने वडिलांच्या टेम्पोच्या शेडला शटर बसवलं. मला पेढे आणून दिले.

तार मारल्यानंतर चौथ्या दिवशी मी मनोरला शिडीवर होतो. निलेशचा फोन आला.

"काका, गोदामाच्या डब्यात तार दिसते. तुम्ही लावली का?"

"हो. राहू दे."

"काढू का? मी काच दर तासाला पुसत जाईन. लोक खालून ये-जा करतात, काका."

"नको. काढलीस की दार परत अडणार, तुझे साहेब परत मला बोलावणार. सुट्टीच्या दिवशी मी येतोच. तू हात लावू नकोस."

"बरं," तो म्हणाला. त्याने हात लावला नाही. माझा शब्द मोडायचा नाही एवढंच त्याच्या मनात असणार.

दुसऱ्या दिवशी, पहिली पाळी सुटायच्या थोडं आधी, शटर खाली येत असताना एक पोतं वाटेत घसरलं. ते ओढायला निलेश वाकला.

मला बोलावलं तेव्हा त्याला नेलं होतं. शटर मात्र तसंच होतं, जमिनीपासून हातभर वर. त्याच्यावर जिथे थांबलं तिथेच. लोकांनी त्याला खालून ओढून काढलं होतं आणि दाराला कुणी हात लावला नव्हता. निळ्या पुडीत त्याच्या टाचांच्या रेघा होत्या. डबा उघडा, सगळे गोळा झालेले. मॅनेजरनी मला विचारलं, "मिस्त्री, ही तार कुणाची?"

त्यांनाही माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, ते डब्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी गेलो तेव्हा डोळा चालू होता."

मग मी तेच लिहून दिलं, माझ्या नावाच्या कागदावर, सहीनिशी. पुढे असंही लिहिलं की मेंटेनन्सच्या माणसाने परस्पर तार लावली असावी. मेंटेनन्सचा माणूस एकच होता आणि तो बोलणार नव्हता.

सात-आठ महिन्यांनी फोन आला. बाईचा आवाज. "शटरवाले मिस्त्री काय? मी निलेशची आई. त्याने बसवलेलं दार नीट बंद होत नाय. तुमचा नंबर त्याने भिंतीवर लिवून ठेवलाय. बिघडलं तर काकांनाच बोलवा, बोलायचा."

जायचं नाही असं ठरवून मी गेलो.

कुंभवलीत त्यांचं घर कारखान्यांच्या इतकं जवळ आहे की पाळीचा भोंगा अंगणात वाजल्यासारखा वाटतो. निलेशचे वडील, दत्तूभाऊ, ओट्यावर बसले होते. उठले नाहीत. त्याची आई, कमळवहिनी, पाणी घेऊन आली. घरात शिरल्यावर माझी नजर आपोआप भिंतीवर गेली. गेलेल्या माणसाचा फोटो असतो तशी जागा होती, खिळाही होता. फोटो नव्हता.

वहिनीच्या ते लक्षात आलं. हळू आवाजात म्हणाली, "कपाटात हाय. हे लावू देत नाय. बोलतात, स्वतःच्या हाताने तार लावून मेला, त्याला हार कसला घालायचा."

दत्तूभाऊ बाहेरून म्हणाले, "खोटं बोलतो काय मी? नाक्यावर च्या प्यायला गेलो तर माणसं गप बसतात. दत्तूचा पोरगा स्वतःच्या तारेने गेला. पंधरा वर्सं शिकवला त्याला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "दार दाखवा."

दार बंद करायचं बटण वहिनीने दाबलं. शटर खाली आलं. सुरेख येत होतं, आवाज नाही, थरथर नाही. पोराने खाचांना इतकं नीट वंगण दिलं होतं की मला माझीच लाज वाटली. जमिनीपासून हातभर वर आलं आणि थांबलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. उजेड तुटला की दार थांबून राहत नाही. झटका देऊन लगेच उलटं फिरतं. त्याच्यात थांबण्याची सोयच नसते. हे दार थांबलं. एक श्वास, दोन श्वास. कुणी वाकून आत यावं म्हणून धरून ठेवावं तसं. मग हळूच वर गेलं. आणि थांबलं होतं ती उंची मी ओळखत होतो.

"रोज असंच?" मी विचारलं.

"सकाळी नाय. संध्याकाळी नाय," वहिनी म्हणाली. "पहिली पाळी सुटायच्या टायमाला. तीन वाजले की."

त्या वेळी तीन वाजून गेले होते. मी कामाला लागलो. काचा पुसल्या. डोळे सरळ केले. दार परत हातभर वर थांबलं. खाचा तपासल्या, खूण तपासली, मोटर हाताने फिरवून बघितली. उन्हाचा कवडसा डोळ्यावर पडतो का, ते बघितलं. हिवाळ्यात पश्चिमेचं ऊन डोळ्यात गेलं की दार असं वागतं, हे आमच्या धंद्यात नेहमीचं. पण शेडचं तोंड उत्तरेला होतं. मी डोळ्याच्या डब्यावरचा लहान हिरवा दिवा बघत जमिनीवर आडवा झालो. दिवा पेटलेला म्हणजे वाट मोकळी. दार खाली येऊ लागलं. मध्ये काही नव्हतं, समोरची भिंत मला स्वच्छ दिसत होती. दिवा विझला. मी श्वास धरून मोजलं. मग पेटला. मध्ये कुणी चालत गेलं तर जेवढा वेळ विझेल, तेवढाच वेळ.

अंगणात कोंबड्या होत्या. वहिनी म्हणाली, "त्याही तिथून जात नाय बघा. वळसा घालतात." मी बघितलं. खरंच वळसा घालत होत्या. कोंबड्या कशालाही वळसा घालतात, असं मी स्वतःला सांगितलं.

"तुमी घाबरला काय मिस्त्री?" ती म्हणाली. चेष्टा करत असावी. "तुमाला कशाला काय करील तो? काका बोलायचा तुमाला. पाळी सुटली, घरी येतो, एवढंच."

"गप बस," दत्तूभाऊ ओट्यावरून म्हणाले. "मिस्त्री, मला ते बंद करून द्या. मला तीन वाजता ते तसं थांबलेलं बघवत नाय. होत नसेल तर तार लावून टाका. लावतात ना तशी? माझ्या पोराने लावली, तशी."

मी पेटीतून वीतभर तार काढली. मी खरंच काढली. मग कंट्रोलच्या डब्याचे चार स्क्रू सोडले आणि झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं होतं: डोळ्याला तार लावून दार चालवू नये. खाली माणूस असतो.

डब्यातून डोळ्याच्या वायरी दोन जोड्या निघत होत्या. एक जोडी मला दिसणाऱ्या डोळ्याकडे. दुसरी पत्र्यामागून आणखी खाली. तिथे, जमिनीपासून हातभर वर, पत्र्याच्या मागे लपवून त्याने दुसरे दोन डोळे बसवले होते. एक कुणी बंद केला तरी दुसरा बघत राहील. बापाच्या शेडला ज्याने दोन-दोन डोळे लावले, तो कारखान्यातला एकुलता डोळा बंद करेल, असं ते झाकण बघून कुणीही म्हटलं नसतं. कोर्टातही कुणी म्हटलं नसतं. मी फक्त हाक मारायची होती. दत्तूभाऊ, जरा इकडे या, हे वाचा.

दत्तूभाऊ माझ्यापासून दहा पावलांवर होते. त्यांना वाचता येत होतं.

मी तार पेटीत ठेवली. झाकण लावलं. चारही स्क्रू आवळले.

मग लपवलेल्या डोळ्याची काच पुसली. फडक्यावर निळा डाग आला. कारखान्याच्या भंगारातला डोळा, जुनी पूड राहिली असणार. बटण दाबलं, दार खाली आलं आणि जमिनीला टेकलं. दत्तूभाऊ पहिल्यांदा उठून आले, दाराला हात लावून बघितला. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. कारण मात्र सापडलं होतं, असं म्हणत मी परत आलो.

बारा दिवसांनी वहिनीचा फोन आला. परत तसंच.

मी त्या घरी पुढच्या दोन वर्षांत सहा वेळा गेलो. दर वेळी बाकी सगळं ठीक असायचं. दर वेळी शेवटी लपवलेला डोळा पुसायचो आणि फडक्यावर निळा डाग यायचा. पहिल्यांदा आला ते समजू शकतो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला मी डोळा काढून बोईसरला आणला, साबणाच्या पाण्याने धुतला, कोरडा केला, परत बसवला. चौथ्या खेपेला काच पुसली, फडकं निळं. कुंभवलीच्या हवेत कारखान्यांचं काय काय उडतं, मला माहीत आहे. पण त्यांच्या अंगणात, तुळशीच्या पानांवर, टेम्पोच्या काचेवर कुठेच निळं नव्हतं. मी पुसून बघितलं होतं.

त्याच दिवसांत माझ्या दुसऱ्या कामांवरही ते सुरू झालं. मासवणच्या एका फार्महाऊसचं नवं कोरं दार पहिल्यांदा बंद करून दाखवताना हातभर वर थांबलं. मालक म्हणाले, "असंच असतं का हे?" मी म्हणालो, "पहिल्यांदा असतं." नसतं. पालघरच्या एका बंगल्यात तसंच. तिथे मी बटणावरून हात काढला आणि गॅरेजच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, दार वर जाईपर्यंत. मग पेटी भरली आणि काम दुसऱ्याला द्या असं सांगून आलो. त्यानंतर मी नवीन काम घेतलं नाही. लोकांना वाटलं, वय झालं.

कुंभवलीला मात्र जात राहिलो. दर खेपेला बोईसरहून निघताना ठरवायचो, आज सांगायचं. वाक्य पाठ करून जायचो. दर खेपेला वहिनी चहा करायची, खिळा रिकामा असायचा, आणि मी डोळा पुसून परत यायचो.

सहाव्या खेपेला दत्तूभाऊ माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आले. खांद्यामुळे आता टेम्पो चालवणं सोडलं होतं. म्हणाले, "मिस्त्री, एक बोलायचं होतं कवापासून. तुमी बसवलेलं दार चांगलं होतं. पोराने त्याच्यात नाय ते केलं आणि तुमच्या कामाला बट्टा लागला. तरी तुमी येता, कधी तोंडातून शब्द काढत नाय. आमी लाजतो. त्याच्या वतीने माफी मागतो." आणि त्यांनी हात जोडले.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "असू द्या दत्तूभाऊ. झालं ते झालं."

त्यांची माफी मी घेतली. हातात दिलेला चहा घ्यावा तशी घेतली आणि रिक्षात बसलो.

पावसाळ्यानंतर दत्तूभाऊ गेले. झोपेतच. मला चार दिवसांनी कळलं. बाराव्याला गेलो. माणसं जेवून पांगली होती, त्यांची मुलगी मासवणला दिली आहे, ती आत भांडी आवरत होती. भिंतीवरच्या खिळ्याला दत्तूभाऊंचा फोटो होता, हार घातलेला. शेजारी दुसरा खिळा नव्हता.

"निलेशचा?" मी विचारलं.

"त्यांनी लावू दिला नाय," वहिनी म्हणाली. "आता ते बोलायला नाय, तर मी त्यांच्या मागून कसा लावू? रागातच गेले."

मग ती उठून अंगणात आली आणि बटण दाबलं. तीन वाजायला आले होते. दार खाली आलं. हातभर वर आलं, आणि न थांबता जमिनीला टेकलं. भोंगा वाजला.

"ते गेले त्या दिवसापासून नीट बंद होतं," ती म्हणाली. "आता बापलेक दोघं आत हायेत. आता कोणासाठी थांबायचं त्याने?"

मला आयुष्यात कधी बंद झालेल्या दाराची भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. एवढे दिवस ते दार पुन्हा पुन्हा थांबत होतं, उघडं राहत होतं, आणि मला बोलावलं जात होतं. आता माझी गरज संपली होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी पेटी आणली नव्हती. वहिनीकडे पेचकस मागितला, तिने निलेशचाच आणून दिला. चार स्क्रू सोडले आणि झाकण काढून तिच्या हातात दिलं.

"हे काय लिवलंय?" ती म्हणाली. "मला अक्षर नाय येत."

"निलेशने लिहिलंय."

तिने झाकण उलटंसुलटं केलं, मग अक्षरांवरून बोटं फिरवली, एकेका ओळीवरून, हळू. "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. डोळ्याला तार लावून दार चालवू नये. खाली माणूस असतो.

मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, खरंच मला माहीत असेल म्हणून, तिने विचारलं, "मग तिकडे त्याने का लावली, मिस्त्री?"

मी तोंड उघडलं. शब्द पाठ होते. मी म्हणालो, "वहिनी, मला उशीर होतोय. रिक्षा मिळायची नाही."

दुपारचे तीन वाजले होते. दारात चार रिक्षा उभ्या होत्या.

त्याला आता दोन महिने झाले. दोनदा कुंभवलीच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. माझं धाडस पुरत नाही हे मला कळून चुकलं आहे, म्हणून लिहितो. वहिनीची नात, मुलीची मुलगी, मराठी शाळेत जाते. हा अंक तिच्या हातात पडेल अशी व्यवस्था मी केली आहे. बाळ, इथून पुढचं आजीला मोठ्याने वाचून दाखव.

कमळवहिनी, त्याने लावली नाही. मी लावली. त्याने फोन करून मला विचारलं, काढू का, आणि मी नको म्हणालो. मग मी त्याच्या नावावर लिहून दिलं. दत्तूभाऊंनी माझ्यापुढे हात जोडले, ते मी जोडायचे होते. तुमच्या मुलाची काही चूक नव्हती. मला माफ करा, असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो. मला माफ करा.